बोर्डावरची मडम

ट्रंक माझ्या हातात, वळकटी अण्णांच्या खांद्यावर आणि आई दारात. लालबागची चाळ सोडून मी ठाकूरद्वारला एका बाईंकडे राहायला निघाले होते. "चार पावलांवर तर जातंस, रडतंस कित्याक?" असे म्हणून आईच पदराने डोळे पुसू लागली. लीला, तू आमचे शेंडेफळ, तेव्हा तिच्या कडेवर होतीस, तुला आठवणार नाही.

फोर्टातले ऑफिस तिथून जवळ पडते, असे मी घरी सांगितले होते. ते अर्धेच खरे. ऑफिसच्या कागदांवर लालबागचा पत्ता मला नको होता.

त्या ऑफिसात मी टेलिफोन ऑपरेटर झाले. बोर्डावर इंग्रजीच बोलायचे, एवढाच तिथला नियम. बाकीचे सोंग माझे. वडील गिरणीत साचेखात्यात माग चालवतात, आई गिरणीवाल्यांची खाणावळ चालवते, याचा मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. डब्यात कधी सुकट नेली नाही. कुणी विचारलेच, तर आम्ही मूळचे गिरगावचे! सुपरवायझर बाई म्हणाल्या, "तुझं वळण चांगल्या घरचं दिसतं," आणि मी दिवसभर फुगून बसले.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा पेटली होती. एका दुपारी फोर्टात गोळीबार झाल्याची बातमी लालबागेत पोचली. आईने जन्मात फोन हातात धरला नव्हता. ती कोपऱ्यावरच्या इराण्याकडे धावली आणि मी लिहून दिलेला नंबर त्याच्याकडून फिरवून घेतला. बोर्डावर मीच होते.

"माझां चेडू थंय कामाक आसा," ती लेकीसाठी ओरडत होती. "तां बरां आसा मां?"

सुपरवायझर बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "आसा," एवढे म्हटले असते तरी आईचा जीव भांड्यात पडला असता. मी गोड आवाजात "राँग नंबर प्लीज" म्हटले आणि प्लग उपसला. बाईंनी मला खाल्ले नसते. फार तर हसल्या असत्या. तेवढ्या हसण्याला मी भ्यायले.

ऑफिस सुटले तर आई फाटकाशी उभी. बसगाड्या बंद, रस्ताभर दगड नि काचा, आणि ही लालबागहून अनवाणी चालत आलेली. तिने माझे दोन्ही दंड चाचपून पाहिले. मी काय केले असेल? मागे वळून पाहिले, बाई बघत तर नाहीत ना. लीला, हे लिहितानाही मान वर होत नाही.

हात धरून तिने मला लालबागला चालवत आणले. वाटेत सांगू लागली, "फोन केलंय मी. एक मडम होती. काय ता विंग्रजीत बोलली नि ठेवल्यान. मगे म्हटलंय, चलतच जावया." थोडे पुढे गेल्यावर हसली. "आवाज पण कसो गोड तिचो! अगदी तुझ्यासारखो."

तिला कळले होते का? मला आजही ठाऊक नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि ती गेली तोवर मलाही धीर झाला नाही. म्हणून आता तुला लिहिते, आणि आपल्यासारख्या चाळींतून ऑफिसांत गेलेल्या पोरींनाही.

घर म्हटले की मला चाळीतली खोली आठवत नाही, आता राहते तो दादरचा ब्लॉकही नाही. तो रस्ता आठवतो. आईने माझा हात घट्ट धरलेला, आणि खरे सांगायला एवढा लांब रस्ता समोर. लालबाग आले तरी मी तोंड उघडले नाही.