उलट्या टाक्याची पोती

कारखान्यांनी वेढलेल्या वराळ्यात खानावळ काढायची ठरवली तेव्हा माझ्याकडे दोन मोठी पातेली, एक शेगडी आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. पैसे नव्हते. कंपनीत पॅकिंगला असताना साठवलेले सगळे गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये गेले होते. तांदूळ उधार मिळाला तर महिन्याभराच्या जेवणांच्या पैशांतून तो फेडायचा, एवढंच माझं गणित होतं.

आंदर मावळात शेती करणाऱ्या माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, हे पटलं नव्हतं. पगार सोडून लोकांची खरकटी काढणार, असं ते म्हणाले. मी पहिल्यापासून तोंडाळ. तुमच्याकडं एक दाणा मागायला येणार न्हाई, असं बोलून निघाले आणि चार महिने त्या वाटेला फिरकले नाही.

आबा दरवर्षी ज्याला तांदूळ घालतात त्याच कामशेतच्या व्यापाऱ्याकडे मी गेले. आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याला वर बजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि नव्या इंद्रायणी तांदळाची पाच पोती द्यायचं कबूल केलं. पैसे महिन्यानं. चिठ्ठी नाही, जामीन नाही. माझ्या बोलण्यावर गडी खूश झाला, असं समजून मी तरंगत घरी आले. त्या दिवशी कोवळ्या उन्हात कापणी झालेली खाचरं दिसत होती आणि मला त्यांच्यावर जेवणाच्या पंगती बसलेल्या दिसत होत्या.

पहिल्या दिवशी भाताला वाफ आली आणि त्या वासानं गाळा भरून गेला. मी डोळे मिटले. पत्र्याचं छप्पर, बाहेरचे ट्रक, सगळं विरून गेलं. धुकं होतं, बांधावर गाय उभी होती आणि आई चुलीपाशी काहीतरी पुटपुटत होती. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. भात थोडा खाली लागला.

जेवायला येणारे बहुतेक कामगार बिहार-ओडिशाकडचे. त्यांनी त्या मऊ, चिकट भातात बोटं घातली आणि एकमेकांकडे बघितलं. एकानं अदबीनं सुचवलं की भात जास्त शिजलाय. मी त्याला सांगितलं की हा मावळचा तांदूळ, असाच असतो, आणि आणखी एक डाव वाढला. पाणी कमी करून बघायचं सोडून मी पंधरा दिवस त्यांना वासाचं कौतुक ऐकवत राहिले. ते चपात्या खायचे, भात ताटात ठेवायचे. मग अर्धे लोक दुसरीकडे जाऊ लागले. महिना संपत आला, हातात निम्मेही पैसे नव्हते. आता खानावळ बुडणार आणि आबांचं खरं होणार, याची मला लाज वाटत होती आणि भीतीही.

उरलेली तीन पोती परत करायला टेम्पो केला. मागे पोत्यांवरच बसले. वळणावर तोल सांभाळायला हात टेकला तर बोटांखाली सुतळीचे टाके आले. टाके उलट्या बाजूला कललेले. आबा डावखुरे. लहानपणी पोत्याचं तोंड मी धरायची आणि ते दाभणानं शिवायचे, तेव्हा माझी बोटं त्याच टाक्यांवरून फिरायची. आधीची दोन पोती मदतीला येणाऱ्या नवऱ्यानं सुरीनं कापून उघडली होती, मी बघितलंच नव्हतं. कामशेत येईपर्यंत मी ते टाके चाचपत राहिले, जागी होते की झोपेत, सांगता येणार नाही.

"माल माझा न्हाई, ताई," व्यापारी म्हणाला. "तू येऊन गेल्यावर मी आबांना सांगितलं. तिचं पैसं आलं की मग माझं द्या, तवर थांबतो, असं म्हनलं ते."

म्हणजे मी ज्याला व्यापाऱ्याची उधारी समजत होते, ती आबांची होती. मी तिथंच पोत्यांना टेकून रडले. मग टेम्पो आंदर मावळाकडे वळवायला सांगितला.

आबा अंगणात होते. त्यांनी तीन पोती बघितली, मला बघितलं. लोक खात न्हाईत, चिकट हुतोय, एवढंच मी सांगितलं. ते हसले. आत गेले आणि कणगीतला गेल्या वर्षीचा तांदूळ उपसू लागले. जुना झाला की इंद्रायणी जरा मोकळी शिजते. नवा तांदूळ आबांना पचत नाही, म्हणून तो जुना घरात खाण्यापुरता राखलेला असतो, हे मला ठाऊक होतं. मग तुमी काय खानार, असं मी विचारलं. त्यांनी मी आणलेल्या पोत्यांकडे बोट दाखवलं.

मी रिकाम्या पोत्याचं तोंड धरलं आणि आबांनी त्यात जुना तांदूळ ओतला. पैसे अजून जमले नाहीत, थोडं थांबावं लागेल, हे कसंबसं बोलले.

"पैशाचं काय घिऊन बसलीस," दाभण ओढत आबा म्हणाले. "मागायला यायला लय दिस लावलंस."

मी तोंड घट्ट धरून राहिले आणि ते शेवटपर्यंत शिवत गेले.