शंभर चिंचोक्यांचा हिशेब

आमच्या अंधेरीच्या सॉफ्टवेअर ऑफिसात तपासणीचं काम करणाऱ्या अंकलइतका संशयी माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल. मरोळ गावठाणातले हे गृहस्थ घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचे, लिफ्टचं दार लागल्यावरही वाकून खात्री करायचे, आणि कॉम्प्युटरवरची खिडकी बंद झाली यावर तर त्यांचा कधीच विश्वास बसायचा नाही. मी नवीन होते. मला म्हणाले, “खिडकी दिसत नाय म्हणजे गेली नाय, पोरी. मागे कुणीतरी तिला धरून बसलेला असतो. मेमरी सुटत नाय.” मग तीच खिडकी शंभर वेळा उघडायची, शंभर वेळा मिटायची, आणि मेमरीचा आकडा खाली येतो का ते बघायचं. मोजायला आधी ते चणे ठेवायचे. पण मोजता मोजता खायचे आणि शंभराचे साठच भरायचे. तेव्हापासून डब्यात चिंचोके आले. तो खडखडाट सुरू झाला की सगळी टीम कपाळाला हात लावायची. साहेब त्यांना तोंडावर ‘भंगार’ म्हणायचे आणि आम्ही हसायचो. लाचार हसू होतं ते, माझंसुद्धा.

एका हॉस्पिटलचं काम होतं. नर्स दिवसभर पेशंटची खिडकी उघडणार, मिटणार. सगळे म्हणाले, झकास आहे. अंकल एकटे तपासणीच्या कागदावर सही करेनात; मेमरीचा आकडा चढतच होता, दुपारपर्यंत सगळं ठप्प झालं असतं. ती खिडकी मी लिहिली होती. त्यांनी मला बाजूला बोलावून एकच ओळ दाखवली. नाडीचा आकडा दर सेकंदाला बदलणारा टायमर मी सुरू केला होता आणि खिडकी मिटताना थांबवायला विसरले होते. तो टायमर तिला सोडतच नव्हता. “लावला तू, तर काढायचा पण तूच ना गं?” एवढंच बोलले.

दुरुस्ती झाली, पण काम दोन दिवस उशिरा गेलं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “चूक कोणाची?” अंकलनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माझ्याकडून तपासायला वेळ लागला,” म्हणाले. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी वहीत रेघोट्या ओढत बसले. त्याच महिन्यात त्यांना नारळ दिला. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “हे खाता येत नाय, म्हणून टिकतील.”

आज ती टीम माझी आहे. परवा शंभरावा चिंचोका टाकला आणि आकडा जिथून निघाला तिथे परत आला. फार आठवण आली त्यांची. मरोळ इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे, पण पाच वर्षांत मी एकदाही गेले नाही. साहेबांचा तो प्रश्न अजून कानात आहे, आणि ‘माझी’ हे उत्तर मी अजून कोणालाच दिलेलं नाही.