चौथ्या धड्यात नसलेली विहीर

बुलढाणा जिल्ह्यात चाललोय म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: लोणारचं सरोवर बघणार का, आणि शेगावला जाणार का. मी दोन्हीकडे गेलो नाही. मी मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत गेलो, आणि तिथे जे केलं ते सांगायला हे लिहितोय. गाड्या, रस्ते, जेवण यांची माहितीही देतो. कुणाला तिकडे जायचं असेल तर माझ्या लाजेचा तेवढा तरी उपयोग होईल.

जायचं कारण असं. चार देशांतल्या शाळांनी मिळून मुलांना हवामानबदल शिकवायचा, असा एक उपक्रम आहे. नॉर्वे, केनिया, व्हिएतनाम आणि आपण. सगळ्यांचं मिळून एक पुस्तक आहे आणि त्याची मराठी आवृत्ती मी तयार केली आहे. एरवी मी वर्तमानपत्रात लोकांची टवाळी करतो. या पुस्तकात मात्र ‘मी काय करू शकतो?’ हा गंभीर भाग संपूर्ण माझा. पुण्यात, खिडक्या बंद करून, एसी लावून लिहिलेला. ‘एसी चोवीसवर ठेवा’ हे वाक्य लिहिलं तेव्हा मी उठून आमचा एसी चोवीसवर केला होता. इतका मी प्रामाणिक माणूस.

पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक देशातल्या मुलांनी घडवलेला एकेक धडा जाणार होता. अट एकच: तो मुलांचा स्वतःचा हवा, आमच्या पुस्तकातून उचललेला नको. ज्या शाळेचा धडा निवडला जाईल, तिची नॉर्वेतल्या एका शाळेशी जोडी लागणार, वर्षभर दोन्हीकडची मुलं एकमेकांना आपलं काम दाखवणार. आपल्याकडच्या तीन शाळा पाहून निवड करायला मारित बाई येणार होत्या. साठीच्या, नॉर्वेत शिक्षकांना शिकवणाऱ्या. मोताळ्याच्या शाळेसाठी त्यांना दुभाषा हवा होता.

“तुम्हीच जा ना,” संयोजक म्हणाले. “पुस्तक तुमचं, भाषा तुमची.”

पुस्तक लिहिणाऱ्यालाच त्या पुस्तकाबद्दलच्या तक्रारींचा दुभाषा करण्यात काही गडबड आहे, हे त्यांना सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी बॅग भरली.

पहिला दिवस नांदुऱ्याचा. नांदुरा मुंबई–नागपूर मुख्य मार्गावर आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. तिकीट काढण्याआधी बघून घ्या, नाहीतर अलीकडे मलकापूरला उतरून एसटी धरा. मी पुण्याहून आणि मारित बाई मुंबईहून, असे दुपारपर्यंत दोघे पोचलो. बाई मुंबईहून जवळच्या विमानतळापर्यंत विमानानं येऊ शकल्या असत्या, पण धूर कमी व्हावा म्हणून रेल्वेनं आल्या. “ऑस्लोहून मुंबईला मात्र उडतच आले,” त्या स्वतःच म्हणाल्या, “तेवढं पाप आहेच.” माझ्या जिभेवर आलेला टोमणा त्यांनी आधीच वापरून टाकल्यामुळे मला बाईंचा थोडा राग आला.

लॉज साधा, स्वच्छ. आठशे रुपयांत गरम पाण्यासकट. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खानावळीत पातोडीचा रस्सा आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मिळाली. बेसनाच्या वड्या आणि त्यावर लालभडक तर्री. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या बोटानं ताटाकडे दाखवून आणखी मागत होत्या. मी दह्याची वाटी मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जीप. चालक गजाननभाऊ. मोताळ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे धामणगाव बढ्याकडे काही ठिकाणी खड्ड्यांची रांग. एसटीनंही जाता येतं, फक्त परतीची गाडी विचारून ठेवा. फेब्रुवारीचा शेवट होता. हरभरा निघालेला, मका उभा, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या. सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागलं होतं.

“बाई कुठच्या हो?” गजाननभाऊंनी आरशातून विचारलं.

“नॉर्वेच्या.”

“तिकडं बी पाणी कमी हाये का?”

“नाही. भरपूर आहे.”

“मंग त्या काऊन फिरून राह्यल्या? पाणी कसं पुरवाचं हे शिकवाले आपुनच जाव लागते तिकडं.”

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या आणि वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी मी केलेलं शेवटचं खरं भाषांतर तेच.

शाळा धामणगाव बढ्याच्या पुढे, फाट्यापासून आत. गावाचं नाव देत नाही. सातवीपर्यंतची शाळा, कौलारू, पुढे कडुनिंब. जयश्री मॅडम सहावी-सातवीला एकत्र शिकवतात. चाळिशीच्या, बारीक, खांद्यावर पदर घट्ट खोचलेला. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले, म्हणून स्वागत आटोपशीर झालं. आम्ही वर्गात मुलांसमोर बसलो. मारित बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: पुस्तकाचा उपयोग कसा होतो?

“खरं सांगू का, सर?” मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. “बाईले सांगा, पुस्तकाचा कागद लय चांगला हाये. फोटो बी झकास. पण आतलं आमच्या पोरायच्या कामाचं नाई. दात घासतांना नळ बंद करा म्हनते. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसानं येते. ही पल्लवी मले म्हने, मॅडम, बंद कराचं समजलं, चालू कोन करन?”

वर्ग खदखदला. पल्लवीनं ओढणी तोंडावर घेतली.

“आन् एसीचा धडा आला का पोट्टे एकमेकाले पुस्तकानं वारा घालतेत. तेवढा उपयोग होते, हे बी सांगा. लिहिणाऱ्यानं एकडाव गावात याले पाह्यजे होतं.”

इतक्या थोड्या शब्दांत इतकी नेमकी टवाळी मला वीस वर्षांत जमलेली नाही. टवाळी माझी होती, एवढाच फरक. मारित बाई पेन उघडून माझ्याकडे बघत होत्या. मी इंग्रजीत सांगितलं, “पुस्तक देखणं आहे म्हणतात. मुलांमध्ये खूप चर्चा होते. नळाच्या धड्यावर तर विशेष.”

बाईंनी लिहून घेतलं.

मग मुलांनी त्यांची वही आणली. जाड, लांब, दुकानदार वापरतात तशी. दर सोमवारी मुलं गावातल्या नऊ विहिरींचं पाणी मोजतात. या भागात विहिरीतलं पाणी परसांत सांगतात. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पण कुठला माणूस? यावर वर्गात म्हणे दोन दिवस भांडण झालं. मग मुलं मालकांच्या घरी टेप घेऊन गेली आणि नऊही जणांना भिंतीला टेकवून, हात वर करायला लावून मोजून आली. प्रत्येक विहिरीच्या पानावर सगळ्यात वर तिच्या मालकाचं माप आहे. दोरीला त्या मापाच्या गाठी. विहीर त्याची, परसही त्याचाच.

पुढे दोन रकाने. एकात आजचं पाणी. दुसऱ्यात त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलेलं: लग्न होऊन आलात त्या वर्षी होळीला किती पाणी होतं?

“बाप्यायले नाई विचारलं,” पल्लवी म्हणाली. “त्यायले आठवत नाई. पाणी बायाच शेंदत होत्या.”

एका पानावर ‘तेव्हा’ चार परस होतं, ‘आता’ अर्धा. पुढच्या पानावर ‘तेव्हा’ तीन, आणि ‘आता’च्या रकान्यात कुणीतरी कोरड्या तळाचं चित्र काढलं होतं. त्यात एक बेडूक, वर बघणारा.

मारित बाई पुढे वाकल्या. फोटो काढायला त्यांनी मोबाइल उचलला. “हे कसं सुचलं?” त्यांनी विचारलं.

“सर, बाईले सांगा,” जयश्री मॅडम म्हणाल्या, “हे आम्ही पुस्तक बाजूले ठेवून केलं. पोरायनंच ठरवलं सगळं.”

‘पुस्तक बाजूला ठेवून’ हे तीन शब्द. इंग्रजीतही सोपे आहेत. ते माझ्या तोंडून बाहेर पडेनात. मी म्हणालो, “पुस्तकातल्या चौथ्या धड्यावरून त्यांना हे सुचलं.”

“अच्छा, पुस्तकातलाच उपक्रम आहे तर?”

“हो.”

बाई छानसं हसल्या. उचललेला मोबाइल त्यांनी टेबलावर ठेवला आणि वही मिटून मुलांच्या हाती दिली. मुलांना इंग्रजी कळलं नसेल. ठेवलेला मोबाइल कळला. पल्लवीनं वहीची पानं पुन्हा एकदा सारखी केली आणि ती कपाटात ठेवून आली.

जेवण मॅडमच्या घरी. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी, ठेचा. मारित बाई अंगणात हात धुवायला गेल्या होत्या. मॅडम माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “सर, चौथ्या धड्यात विहीर कुठी हाये हो? म्या तं तीनदा वाचला. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या हायेत.”

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

“मी सातवीले इंग्रजीच शिकवते,” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही.

मी इंग्रजी बोलणाऱ्या जयश्री मॅडमची कल्पनाच केली नव्हती. त्या ‘मले’ आणि ‘तुमाले’ म्हणत होत्या, म्हणून मी त्यांना त्यांच्याच वर्गात बहिऱ्या ठरवलं होतं. आयुष्यभर पुणेकरांच्या या खोडीवर लेख लिहिले, आणि ती माझ्याच अंगात मुक्कामाला होती.

“मग तिथेच का नाही बोललात?”

“पाव्हण्यासमोर पाव्हण्याले खाली कसं पाडाव? तुम्ही बी पाव्हणेच ना.” त्यांनी भाजी वाढली. “आन् पुस्तक मी मागच्या पानापर्यंत वाचते. तुमचं नाव हाये तिथं. म्हनूनच येवढं खुलून बोलली. म्हटलं, लिहिणारा सोताच आला हाये, आता त्याच्यापर्यंत पोचन.”

तेवढ्यात मारित बाई पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसत आत आल्या. मॅडमनी त्यांना पाट सरकवून दिला. मी जेवलो. भाजी उत्तम होती, हे मला आजही आठवतं याचाही राग येतो.

परतीच्या वाटेवर सांगायला मला भरपूर वेळ होता. धामणगावपर्यंत वाक्य जुळवलं. मोताळ्याला गजाननभाऊ चहाला थांबले, तेव्हा तोंड उघडलं आणि चहा चांगला आहे म्हणालो. नांदुरा स्टेशनवर बाईंची गाडी वीस मिनिटं उशिरा होती, म्हणजे देवानं आणखी वीस मिनिटं दिली. बाई म्हणाल्या, “शाळा फार गोड आहे. निवड मात्र दुसरीकडची करावी लागेल, नियम आहे. पण तुमचं पुस्तक आहे तसंच पुढच्या जिल्ह्यांत जावं, असं मी लिहिणार आहे.”

मी थँक यू म्हणालो. गाडी आली, गेली. फलाटावर मी आणि एक कचोरीवाला. कचोरी घेतली नाही.

पुण्यात आल्यावर चार दिवस मी ही गोष्ट मित्रांना मजेशीर करून सांगत होतो. नळ, वारा घालणं, बेडूक. लोक पोट धरून हसायचे. ‘चौथा धडा’ आला की मी विषय बदलायचो. पाचव्या दिवशी बायकोनं विचारलं, “मग त्या मुलांच्या वहीचं काय झालं?” तेव्हा मला गोष्टीला शेवट नाही हे मान्य करावं लागलं.

मारित बाईंना पत्र लिहिलं. मॅडम काय म्हणाल्या, मी काय सांगितलं, दोन्ही एकाखाली एक. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाराजीचा एक शब्द नव्हता, ते जास्त लागलं. ‘निर्णय अजून व्हायचा आहे. मी वही मागवते. पण तुमचं पत्र समितीपुढे ठेवावं लागेल, चारही देशांतले सहकारी ते वाचतील. चालेल का?’

‘चालेल’ हा एक शब्द लिहायला मी दोन दिवस घेतले. लोकांची अब्रू काढताना मला कधी एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागलेला नाही.

नव्या आवृत्तीतून माझा भाग काढला आहे. रास्तच आहे. त्या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं, याचा विचार करतो तेव्हा विहिरी नाही आठवत. टेबलावर ठेवलेला मोबाइल आठवतो. आणि त्याकडे बघणारी तीस तोंडं.

परवा जयश्री मॅडमचा फोन आला. “सर, वही निवडली. नॉर्वेच्या शाळेसंग जोडी लागली.” मागे मुलांचा गलका चालू होता. मला इतका आनंद झाला की तोंडातून लगेच निघून गेलं, “मॅडम, वहीचं इंग्रजी मी करून देतो. मनापासून करीन.”



“नाई सर,” त्या म्हणाल्या. “ते पोट्टेच करून राह्यले. चुकतीन, पण त्यायचं राहीन.”

मी बरं म्हणालो. मागे पल्लवी कुणाशी तरी तावातावानं भांडत होती: पाणी शेंदणं म्हणजे इंग्रजीत काय? एक मुलगा काहीतरी सुचवत होता, ती म्हणत होती, “ते तं बे, विहीर रिकामी करनं झालं. आपुन जराक काढतो.” मला नेमका शब्द माहीत होता. फोन कानाला लावून मी गप्प उभा राहिलो.