ओढणीनं बांधलेला पाय

नवरा सोडून गेल्यावर मी कळंबला नर्सिंग शिकायला लागले. अडीच वर्षांची मुलगी दिवसा भावजयीकडं ठेवायचे. एकदा वॉर्डातून लवकर सुटून गेले, तर मुलीचा पाय ओढणीनं पलंगाला बांधलेला. घोट्यावर वळ उठला होता.

"वहिनी, हे काय?"

"लई पळती. तुम्ही तिकडं लोकांची सेवा करा, अन् तुमचं लेकरू आमी सांभाळायचं व्हय?"

मी मुलीला सोडवून निघाले, ते त्या घरात परत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला कडेवर घेऊन वर्गात गेले. मॅडम ओरडल्या, "हे पाळणाघर नाही. बाहेर हो."

"हिला कुठं ठेवू ते सांगा, मग जाते," म्हणत मी पहिल्या बाकावर बसले.

आठवडाभर त्यांनी माझी हजेरी लावली नाही. नंतर लावली, पण तोंड फिरवूनच.