ग्रहणाच्या आधीचा ओठ

हिंगोलीतल्या प्रशिक्षणात जेवणाआधीच्या तासाला डॉ. केतकींनी पडद्यावर पोटातल्या बाळाच्या तोंडाचं चित्र लावलं, आणि मागच्या रांगेतून मनकर्णाबाईंनी हात वर केला. एरवी त्या बैठकीत फक्त चहा आल्यावर पुढे येत.

"म्याडम, हे ओठ जुळायचं कितव्या महिन्यात व्हतं?"

"दुसऱ्या महिन्यात, ताई. सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ जुळतो, बाराव्यापर्यंत टाळू. नाही जुळला तर फट राहते."

"अन् चौथा सरता सरता काही झालं तर?"

"तोवर ओठ घडून झालेला असतो. घडलेला ओठ नंतर फाटत नाही."

मनकर्णाबाई खाली बसल्या. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही. पदराखाली बोटांची पेरं मोजू लागल्या. अखितीचा वैशाख, धोंड्याचा जेठ, खरा जेठ, मग आषाढ. आषाढाच्या अवसेला सूर्यग्रहण. पेरं चार झाली. पुन्हा मोजली, तरी चारच.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या ग्रहणात त्यांनी बांधावर विळ्याने गवत कापलं होतं. आभाळ भरलेलं होतं, ग्रहण लागलेलं कळलंसुद्धा नाही. संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी मुलगी झाली, ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. तिला दूध ओढता येईना. नवव्या दिवशी ती गेली. सासूने महिने मोजून सांगितलं की तिसरा चालू असताना विळा धरलास, ऐन नाक-डोळे घडायच्या वेळी. धोंड्याचा महिना सासूने मोजलाच नव्हता. तो मोजायचा नसतो, असं घरात सगळेच मानत. मनकर्णाबाईंनीही मानलं. पुढे दोन मुलगे धडधाकट झाले, त्या साखरा गावच्या आशा कार्यकर्त्या झाल्या, गावातली शे-दीडशे बाळंतपणं त्यांच्या डोळ्यांसमोर झाली, पण ग्रहणाच्या दिवशी त्या घरातला विळा स्वतः उचलून माळ्यावर ठेवत.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला, तातेरावांना, एवढंच सांगितलं, "आपल्या पोरीचा ओठ मी न्हाई कापला." तातेराव बैलाला पाणी दाखवत होते. बैलाचं पिऊन झालं तरी त्यांनी बादली खाली ठेवली नाही.

प्रशिक्षण होतं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधनाचं. दोन तालुक्यांतल्या प्रत्येक गरोदर बाईची पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करायची आणि बाळात काही व्यंग दिसलं, तर त्या बाईला शेवटपर्यंत ओळखीतल्या एका बाईची सोबत द्यायची. अशा सोबतीने काय फरक पडतो, ते पाहायचं होतं. सोबतीणीने प्रत्येक भेटीत एक फॉर्म भरायचा. त्यात प्रश्न होता, 'घरचे लोक व्यंगाचे काय कारण सांगतात?' खाली सूचना होती: त्यांच्याच शब्दांत लिहावे, वाद घालू नये. सोबतीण काय शिकवते ते नव्हे, लोक काय मानतात ते समजायला हवं, हे डॉ. केतकींनी तीनदा सांगितलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी मनकर्णाबाई गल्लीतल्या भागूबाईंची सून प्रतिक्षा हिला घेऊन हिंगोलीला गेल्या. पावसाने रस्ता जागोजागी उखडला होता. पोरगी एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मशीन फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग खुर्ची ओढून प्रतिक्षासमोर बसले आणि तिलाच सांगितलं. वरच्या ओठाला फट आहे. बाकी हृदय, पाठ, हातपाय सगळं नीट दिसतंय. तीन महिन्यांचं झाल्यावर ओठ शिवता येतो.

येताना जीपमध्ये प्रतिक्षाने एकच विचारलं. "काकू, त्याला दूध पेता येईल?"

"येईल. म्या शिकवीन."

हे बोलताना त्यांना स्वतःलाच ते येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉ. केतकींना फोन करून वाटी-चमच्याने, बाळाला उभं धरून कसं पाजायचं ते विचारून घेतलं.

रविवारी त्या फॉर्म घेऊन भागूबाईंच्या ओसरीवर गेल्या. भागूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलगा बालाजी खांबाला टेकून मोबाईल बघत होता.

"ये, मनकर्णे. मशीन काय म्हनली ते सांगायला आली व्हय?" भागूबाई म्हणाल्या. "पोरगा का पोरगी ते त्या मशीनला दिसत न्हाई म्हनतेत, अन् एवढुसा ओठ बराबर दिसला."

"दिसतंय समदं, मावशी. पोरगा-पोरगी सांगायला बंदी हाय."

"जे सांगायचं ते सांगत न्हाईत, नको ते सांगतेत." भागूबाईंनी फोलपटं सुपात झटकली. "मला ठाव हाय कशानं झालं ते. ग्रहणाचे वेध लागले अन् ही विळीवर भेंडी चिरून राहिली. दुपारपून सांगून राहिले, पडून राह्य, सरळ पडून राह्य. ह्याला भूक लागली म्हनून उठली."

मनकर्णाबाईंनी फॉर्ममध्ये लिहिलं: ग्रहणाच्या वेधात भेंडी चिरली.

बालाजी मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "काकू, आमचं ठरलंय. तालुक्याला एक डॉक्टर हाय, त्यो पोट खाली करून देतो. मंगळवारी नेतो हिला. असलं लेकरू जगवायचं तरी कसं? लोक समदी जिंदगी बोट दाखवतेन."

दाराच्या चौकटीत प्रतिक्षा उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी आधी फॉर्मवरची सूचना पाहिली, मग पोरीकडे. पेनाला टोपण लावलं.

"मावशी, हिची शेवटची पाळी कवाची?"

"मला काहून इचारती? तुझ्या वहीत हाय की."

"हाय. वैशाखाच्या पुनवेला दोन दिस कमी, तवाची शेवटची. अन् हे ग्रहण भादव्याच्या पुनवेचं. तुमीच मोजा. वैशाख ते भादवा किती झाले?"

भागूबाईंचा अंगठा पेरांवर फिरला. "चार."

"ओठ दुसऱ्यात जुळतो. आषाढी एकादशीला तुमच्या घरात साबुदाना शिजला, तवाच ही फट पडून बसली व्हती. भेंडी त्याच्या दोन महिने मागून आली."

"मंग काय साबुदान्यानं झालं?"

बालाजीला हसू आलं. आईने पाहिलं तसं त्याने ते गिळलं.

"कशानं झालं ते डॉक्टरलाबी माहीत न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पर विळीनं न्हाई झालं. माझ्यावर हेच आलं व्हतं. तुमीच तवा हिरीवर पान्याला आल्या अन् म्हनल्या, मनकर्णीनं पोरीचा ओठ कापला. सव्वीस वर्सं म्या तुमच्या दारावरून मान खाली घालून गेले. माझं लेकरू इळ्यानं न्हाई मेलं. त्याला चमच्यानं पाजायचं कुनाला ठाव नव्हतं, म्हनून मेलं. आता मला ठाव हाय. अन् म्या हिच्यावर हे येऊ देनार न्हाई. मग तुमी मला ह्या ओसरीवर येऊ देत का न देत."

भागूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांना बोलायचं होतं, पण आधी दारातून आवाज आला.

"मी मंगळवारी कुठंच जानार न्हाई," प्रतिक्षा म्हणाली. शब्द एकेक सुटा होता. "लेकरू माझ्या पोटात हाय. मला पायजे. तुमाला नको आसल तर मला माहेरी सोडा, मी तिथं बाळंत व्हते."

बालाजीने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "माहेरी कशाला," तो पुटपुटला आणि चपला घालून शेताकडे गेला. मंगळवारी तालुक्याला जाणारी जीप दारावरून गेली, त्याने तिला हात केला नाही.

मनकर्णाबाईंनी घरी जाऊन फॉर्म पुरा केला. शेवटी 'इतर' या रकान्यात लिहिलं: मी वाद घातला. पुढच्या बैठकीत डॉ. केतकींनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, हे घर आता आपल्याला आकडेवारीत धरता येणार नाही. दोन वर्षांचं काम आहे, असं प्रत्येकीने केलं तर काय उरेल?"

"नका धरू. माझी सोबत बंद करनार का?"

"सोबत चालू ठेवा," डॉ. केतकी म्हणाल्या. आवाजात राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

फेब्रुवारीत प्रतिक्षाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं, नाव ठेवलं देवश्री. तिला दर दोन तासांनी उभी धरून चमच्याने पाजावं लागे. पहिले नऊ दिवस मनकर्णाबाई तिथेच राहिल्या. दूध नाकातून यायचं, प्रतिक्षा रडायची, त्या चमचा पुन्हा हातात द्यायच्या. नवव्या दिवशी त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. दिवस मावळला, पोरीने चार चमचे जास्तच घेतले, तेव्हा त्या घरी जाऊन जेवल्या.

दीड महिन्याने पुन्हा फॉर्म भरायची वेळ आली. पोरीचं वजन बरोबर वाढत होतं, मे महिन्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. भागूबाई नातीला खांद्यावर घेऊन ओसरीवर फेऱ्या घालत होत्या. मनकर्णाबाईंनी तोच प्रश्न वाचला. घरचे लोक व्यंगाचे काय कारण सांगतात?

भागूबाईंनी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या.

"लिही," त्या म्हणाल्या, "माहीत न्हाई."

"तुमच्याच शब्दांत लिहू?"

"मंग कुनाच्या? लिही अन् जा, पोरगी झोपून राहिली."

त्या आठवड्यात मनकर्णाबाईंनी डॉ. केतकींपुढे दोन फॉर्म ठेवले. एक देवश्रीचा. दुसरा त्यांच्याच अक्षरातला, जन्मतारखेच्या जागी वीस जानेवारी दोन हजार. बाळाचे नाव: ठेवायचे राहिले. किती दिवस जगले: नऊ. कारण: माहीत नाही. विळा नाही.

डॉ. केतकींनी तो दोनदा वाचला. "ताई, हा आपल्या अभ्यासात बसत नाही. धरता येणार नाही."

"ते ठाव हाय मला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "धरू नका. फाईलीत ठेवा. अन् नंबर टाका त्याच्यावर, माझ्यासमोर."

डॉ. केतकींनी पेन उचललं.