भिंतीपलीकडची घरघर

बाजारात तिला सगळे ‘हमवाली’ म्हणायचे. लाउडस्पीकरमधलं गाणं थांबलं तरी मागे एक घरघर चालूच राहते ना, तिला कारागिरांच्या बोलीत हम म्हणतात. ती घालवण्यात या बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीचे दुरुस्तीवाले दोनचार पार्ट बदलायचे, हात टेकायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हमवालीकडे न्या, आमच्या डोक्याला ताप नको."

तिची रीत साधी होती. ॲम्प्लिफायर उघडायचा, चालू ठेवायचा आणि सिग्नलच्या तारेजवळ नुसता हात न्यायचा. लावायचा नाही हं, जवळ न्यायचा. घरघर वाढली की समजायचं, हे विद्युतक्षेत्राचं काम. तारेवर व्होल्टेज आहे एवढ्यानंच ते आजूबाजूला पसरतं, आणि अर्थिंग केलेला पातळ पत्रा मधे घातला की मुकाट्यानं गप्प बसतं. हातानं फरक पडला नाही, तर ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून तो जरा फिरवून बघायचा. आवाज कमीजास्त झाला की चोर सापडला, हे चुंबकक्षेत्र. ते वाहत्या करंटबरोबर येतं आणि भलतंच निगरगट्ट असतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जुमानत नाही, विटांच्या भिंतीला जुमानत नाही, आणि माणसाच्या हाडामांसाचं तर त्याला काहीच पडलेलं नसतं. त्याला लांब न्या, नाहीतर त्याचं तोंड फिरवा. कुणी मोठमोठी पुस्तकं काढून वाद घालायला आलं की ती म्हणायची, "आधी फिरवून बघा, मग बोला."

हे सगळं तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. तो एके दिवशी दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ येऊन खाली बसला, तो उठलाच नाही. घरात रडारड झाली. हिच्या डोळ्यांतून मात्र टिपूस नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, रडून घे गं, मोकळी होशील." आता रडू काय नळासारखं सोडता येतं होय? दुःख व्हायला पाहिजे हे तिला कळत होतं, पण आत काही हलतच नव्हतं. माणसं पांगली तशी ती उठली आणि दुकानात जाऊन बसली.

दुकान पुढे, घर मागे, मधे एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे हिचं टेबल, पलीकडे सासूबाईंची खोली. आता घरात या दोघीच उरल्या. सासूबाईंना कानाला मशीन लावल्याशिवाय ऐकू येत नसे. एकेकाळी त्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा, मुलगा चेष्टेनं म्हणायचा, "आई, तुझा व्हॉल्यूम कुठल्या बटणानं कमी होतो गं?" आता सगळंच थंड. सून ताट नेऊन ठेवायची, रिकामं ताट उचलायची. सुरुवातीला "आई, जेवून घ्या" एवढं तरी म्हणायची. मग तेही राहिलं. राग नव्हता, भांडण नव्हतं, काहीच नव्हतं.

मग हळूहळू सासूबाईंनी आपलं स्टूल भिंतीला चिकटवलं. दुकान उघडलं की त्या तिथे येऊन बसायच्या, मान एका बाजूला कलती करून, कान भिंतीशी. दुकान बंद झालं की उठायच्या. नणंद भेटायला आली, तिनं हे पाहिलं आणि आईला खुणेनं विचारलं. मग दुकानात येऊन ती तावातावानं म्हणाली, "वहिनी, आई म्हणते दादा भिंतीत गुणगुणतो. सकाळी येतो, संध्याकाळी जातो. तुझं लक्ष कुठे असतं? मी तिला माझ्याकडे घेऊन जाते."

"न्या," ती म्हणाली.

पण सासूबाई हलायला तयार होईनात. "माझी जागा इथेच आहे," म्हणाल्या, आणि मान फिरवून बसल्या. नणंद चडफडत एकटीच परत गेली.

आता भिंतीत कुणीतरी गुणगुणतंय म्हटल्यावर हमवाली बसते होय गप्प? तिनं आपलं नेहमीचं हत्यार काढलं. जुन्या रिलेची कॉइल, म्हणजे चुंबकक्षेत्र पकडणारं तारेचं वेटोळं, तिला जोडलेला छोटा ॲम्प्लिफायर, कानाला हेडफोन. ती कॉइल भिंतीवरून फिरवत नेली, आणि सासूबाईंचं डोकं जिथे टेकायचं नेमकी तिथे घरघर सगळ्यांत जोरात. पलीकडे दुकानातल्या फळीवर तिच्या टेबलाला वीज देणारा भलामोठा स्टॅबिलायझर होता, पोटात ट्रान्सफॉर्मर असलेला. सकाळी दुकान उघडलं की तो चालू व्हायचा. कानाच्या मशीनमधे टेलिफोनसाठी एक वेगळं बटण असतं. ते त्या बाजूला सरकवलं की मशीनचा माइक बंद होतो आणि आतली बारीक कॉइल फक्त चुंबकक्षेत्र ऐकते. सासूबाईंचं बटण तिकडे होतं. चुकून सरकलं असेल, असं तिला वाटलं. विचारलं मात्र नाही.

तिनं गिऱ्हाइकाचं काम करावं तसं ते काम केलं. स्टॅबिलायझर उचलला, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेला, आडवा फिरवून ठेवला. पुन्हा कॉइल लावून पाहिली. भिंत साफ. कितीतरी दिवसांनी तिला जरासं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्टुलावर येऊन बसल्या. मान इकडे कलती केली, तिकडे केली. स्टूल जरा पुढे सरकवलं, जरा मागे. मग उठून पलंगावर जाऊन बसल्या. संध्याकाळी सून ताट घेऊन आली तेव्हा म्हणाल्या, "माझ्या लेकीला फोन कर. म्हणावं, ये मला न्यायला."

तिनं फोन केला. नणंद म्हणाली, "उद्या गाडी घेऊन येते."

सकाळी हमवाली सासूबाईंच्या साड्यांच्या घड्या घालत होती. एक, दुसरी. तिसरीला तिचे हात थांबले. ही बाई गेली की या घरात उरणार कोण? एवढा साधा हिशेब, पण तिच्या डोक्यात तो तेव्हा शिरला. आणि एकदम घाबरली ती. साडी तशीच टाकून दुकानात पळाली, स्टॅबिलायझर ओढत पुन्हा फळीवर चढवला, पहिल्यासारखा वळवला, चालू केला. धापा टाकत परत आली आणि सासूबाईंना हाताला धरून स्टुलावर बसवलं.

सासूबाईंनी मान कलती केली. थोडा वेळ ऐकलं. मग सरळ बसल्या.

"तुला काय वाटलं, हे मशीन आहे हे मला कळत नव्हतं? बहिरी आहे मी, खुळी नाही."

सुनेनं वाकून मशीनच्या बटणाकडे पाहिलं.

"बटण मीच सरकवलं. माणसांच्या बाजूला ठेवून ऐकायचं काय होतं? तुझी भांडी? लेकीला सांगितलं, दादा गुणगुणतो. दुसरं काय सांगणार? सून माझ्याशी एक शब्द बोलत नाही म्हणून तिच्या स्टॅबिलायझरपाशी बसते, असं सांगू? माझाही मुलगा गेलाय गं. तू नवऱ्याबरोबर गेल्यासारखी झालीस. या घरात तेवढंच काहीतरी आवाज करत होतं, तर तू उचलून तेही नेलंस."

सुनेचे ओठ हलले. सासूबाईंना अर्थातच काही ऐकू गेलं नाही. बाहेर गाडी थांबली, नणंद दारातून हाका मारायला लागली. सुनेनं हात पुढे केला आणि सासूबाईंच्या कानावरचं बटण सरकवलं. रस्त्याचा गलका एकदम कानात शिरला तशा त्या दचकल्या.

"आई," ती म्हणाली. "आई, जाऊ नका. मला एकटीला भीती वाटते."

आणि मग ती रडायला लागली. स्टुलापाशी खाली बसून, मोठ्यानं, हुंदके देऊन. नणंद दारात आली आणि तिथेच थांबली.

सासूबाईंनी कानावर हात धरला, मशीन पडू नये म्हणून.

"बोल," त्या म्हणाल्या. "अजून बोल."