पांढऱ्या मातीचं ढेकूळ

परभणीत लहान मुलांचा दवाखाना चालवायचा आणि स्वतःला ना मूल ना नवरा, म्हणजे रोज कुणीतरी हळहळायला तयारच असतं. "म्याडम, तुमाला लेकरं किती?" हे विचारल्याशिवाय कुठल्याच आजीला चैन पडत नाही. पूर्वी मी चिडायचे. आता म्हणते, "सकाळपासून मोजली नाहीत," आणि कानाला स्टेथो लावते, म्हणजे पुढचं ऐकावं लागत नाही. संध्याकाळी कुलूप लावून वरच्या मजल्यावर जायचं, डब्यातली भाजी गरम करायची, बघायचा नसला तरी टीव्ही लावून ठेवायचा, एवढाच माझा संसार. माझी काही तक्रार नाही असं मी सगळ्यांना सांगते. तक्रार आहे.

ते बाळ सोनपेठहून आलं तेव्हा बाळंतिणीचा सव्वा महिना नुकताच उलटला होता. बाळाबरोबर आई, वडील आणि वडिलांची आई. घर भुसार मालाच्या व्यापाऱ्याचं, सगळ्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. बाळाची आई अगदीच पोरसवदा होती. तिचं माहेर बोरीचं, पण तिथं आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं होतं. बाळंतिणीच्या खोलीत खिडकीवर घोंगडी टाकून अंधार केलेला असतो, तसा त्यांच्या घरीही होता. सव्वा महिन्यानंतर बाळाला उजेडात आणलं तेव्हा आईला काहीतरी वेगळं दिसलं.

"डावा डोळा भलतीकडंच जायलाय," ती खाली बघत म्हणाली.

"एवढ्या लहानपणी जातोच की," सासू म्हणाली. "उगं लेकराला इतक्या लांब आणलं."

सासूचं चूक नव्हतं. या वयात बाळांचे डोळे भरकटतात, दोन-तीन महिन्यांत आपोआप ताळ्यावर येतात. मीही दिवसातून चार जणांना हेच सांगून परत पाठवते. पण भरकटणारा डोळा दर वेळी तोच होता. मी तळव्यानं बाळाचा डावा डोळा झाकला, तर त्याला पत्ताही लागला नाही. उजवा झाकला, तशी ते मान हलवायला लागलं, कुरकुरलं, माझा हात चुकवायला बघू लागलं. मी परत डावा झाकला, परत उजवा. सासूला वाटलं मी बाळाशी खेळतेय, आणि ती पहिल्यांदा हसली.

शेजारच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत पाहिलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध काळ्या कडेचा डाग होता, बरी झालेली जखम असावी तसा. म्हणजे जखम बाळ पोटात असतानाच झाली होती. उजव्या डोळ्यात एक बारीक डाग, पण कडेला, नजरेच्या वाटेत नाही. मग टाळूवरून सोनोग्राफी केली, मेंदूत पांढरे ठिपके दिसले. माझ्या डोक्यात एकच नाव आलं, टॉक्सोप्लाझ्मा. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून किंवा कच्च्या मांसातून माणसात येतो. एरवी फारसा त्रास देत नाही, पण गरोदरपणात पहिल्यांदा लागला तर बाळापर्यंत पोचू शकतो. पुस्तकात वाचलेला हा आजार मी स्वतः आजवर कधी ओळखला नव्हता.

विचारणं भाग होतं, म्हणून विचारलं. "घरी मटण वगैरे?"

बाप उठून उभाच राहिला. "म्याडम, आमच्या घरात अंडं सुद्धा आलेलं न्हाई. तुमी आमाला काय समजायलाव?"

"मांजर आहे का?"

"न्हाई पाळलेलं." या उत्तराची खोच मला तेव्हा कळायला हवी होती. भुसाराच्या गोदामात मांजरं असतातच, नाहीतर उंदरांनी पोती ठेवली असती का? पण ती येतात-जातात, त्यांना कुणी पाळलेलं नसतं, मग ती घरची कशी म्हणायची?

आई आणि बाळ दोघांचं रक्त मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. बरोबर शिकलेल्या, आता पुण्यात असलेल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अगं, कुठं दुर्मिळ काहीतरी धरून बसलीस? सर्दी-खोकले बघ, सुखी राहा." त्याच्या मागे घरातली माणसं जेवायला बसल्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला. टीव्हीवर कुणीतरी स्वयंपाक करत होतं, ते बघत बसले.

रिपोर्ट आले. दोघांच्याही रक्तात या जंतूविरुद्धची जुन्या प्रकारची प्रतिपिंडं होती, पण त्यावरून काही ठरत नाही, कारण ती आईकडून बाळात आपोआप उतरतात. दुसऱ्या, ताज्या प्रकारची प्रतिपिंडं मात्र आईकडून बाळात जात नाहीत. ती बाळाच्या रक्तात सापडली तर बाळानं स्वतः केलेली असतात. ती सापडली होती. मी बरोबर होते. मला आनंद झाला, हे लिहून ठेवते. आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं, आणि सांगण्यासारखाही तो नव्हता.

मी तिघांना समोर बसवून समजावलं. डाव्या डोळ्याची मधली नजर गेली, ती परत येणार नाही. उजवा डोळा चांगला आहे आणि तोच आपल्याला वाचवायचा आहे. वर्षभर रोज औषध, मधूनमधून रक्त तपासायला परभणीला यायचं. औषध मध्येच थांबलं तर उजव्यातही डाग वाढू शकतो. गोळ्या इतक्या लहान बाळाला देता येत नाहीत, म्हणून त्या कुटून, मोजून पुड्या बांधून दिल्या. पुडी आईच्या दुधात कालवून चमच्यानं पाजायची.

"पण हे झालं कुणामुळं?" सासूनं विचारलं.

"कुणामुळं नाही. आजार आहे तो," मी म्हटलं. सासू-सून दोघी माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होत्या. मला वाटलं, पटलं नसेल.

पुढच्या खेपेला मी दवाखान्याच्या आतल्या खोलीत डोकावले. सून बाळाला पाजत बसली होती. तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"म्याडम, मातीनं होतंय का हे?"

सारवायला आणलेल्या पांढऱ्या मातीचा ढीग गोदामाच्या मागं होता. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून तिला त्या मातीशिवाय काही सुचत नव्हतं. पाणी शिंपडलं की वास सुटायचा आणि जीव कासावीस व्हायचा. मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात कुणीतरी ठेवलेली ढेकळं असायची, ती गुपचूप तोंडात टाकायची. ढिगावर मांजरं येऊन बसायची, तेही तिनं पाहिलं होतं.

"आत्याबाईला सांगू नका," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणत असे. "माय न्हाई मला. हाय ती एवढीच हाय. तिच्या मनातून उतरले तर कुठं जाऊ?"

मी शब्द दिला. डॉक्टरनं अशा गोष्टी पोटात ठेवायच्या असतात, आणि माझ्या पोटात जागाही भरपूर.

मग काही आठवड्यांनी सासू एकटीच माझ्या खोलीत आली. सुनेला आणि बाळाला तिनं बाहेरच्या बाकड्यावर बसवलं होतं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"ती माती खायची," ती म्हणाली. "मला ठावं होतं. मीच चांगली चांगली ढेकळं निवडून कोनाड्यात ठेवायची. मी बी चारी लेकरांच्या वक्ताला खाल्ली, काय झालं न्हाई. पोटुशी बाईचा डोहाळा मारू नये म्हणतेत. माय असती तर माय पुरवती. माझ्याकडं मागायला ती लाजायली, म्हणून न बोलता ठेवायची." तिनं पदर तोंडाला लावला. "माझ्या हातानं माझ्या नातवाचा डोळा गेला. तिला कळू देऊ नका. परत माय म्हणून माझ्याकडं बघायची न्हाई."

मी तिलाही शब्द दिला. दुसरं काय करणार होते? जंतू त्या ढेकळातूनच गेला की दुसऱ्या कुठल्या वाटेनं, हे कुठली तपासणी सांगू शकली नसती, तेही तिला सांगितलं. तिनं ते ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी वर जाऊन मी डबा उघडला नाही. एकाच घरातल्या दोघी, एकाच कोनाड्याशी बांधलेल्या, आणि प्रत्येकीला भीती होती ती दुसरीचीच. हे सगळं फक्त मला माहीत. एरवी मला कुणी काही सांगत नाही म्हणून मी कुढते. आता सांगितलं होतं, तर ते घेऊन कुठं जाऊ ते कळत नव्हतं.

पुढच्या वेळी त्यांनी पुड्यांची डबी भरायला दिली, तर ती अर्ध्याहून जास्त भरलेलीच होती.

माझा पारा चढला. "औषध कोण देतं?"

"सून देती," सासू म्हणाली.

"आत्याबाई देतात की," सून म्हणाली.

बाप दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागला. मी त्याला दुकानातून डोळ्यांचे थेंब आणायला पिटाळलं. गरज नव्हती, पण पुरुषमाणूस खोलीबाहेर जायला हवा होता. मग मी सुनेला विचारलं, का नाही देत? ती इतकंच म्हणाली, "माझ्या हाताला यश न्हाई, म्याडम. माझ्या हातानं आता काई पोटात जाऊ ने वाटतंय." सासू तिच्याकडं बघतच राहिली. तीही नेमकं हेच म्हणणार होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दोघींनी आपापला हात अपशकुनी ठरवला होता, आणि दुसरी देत असेल म्हणून दोघी निश्चिंत होत्या. इकडं त्या बाळाचा एकुलता एक चांगला डोळा मी दिलेल्या शब्दापायी जायला बसला होता.

मी उठले. सुनेच्या मांडीवरचं बाळ उचलून खांद्यावर घेतलं. "तुम्ही दोघींनी मला एकच गोष्ट सांगितलीय," मी म्हटलं, "वेगवेगळी येऊन, आणि दुसरीला सांगू नका म्हणून. मी सांगणार नाही. पण आता तुम्ही एकमेकींना सांगितल्याशिवाय हे दार उघडायचं नाही." आणि माझ्याच खोलीचं दार माझ्यामागं लावून मी पेशंटच्या बाकड्यावर जाऊन बसले.

बाहेरचे लोक बघत होते. डॉक्टर बाहेर आणि पेशंट आत, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली, दोघी खाली मान घालून तशाच बसल्या असतील तर? मग एकीचं रडणं ऐकू आलं, मग दुसरीचं, आणि मग कोणतं कुणाचं ते कळेना. बाळ माझ्या खांद्यावरून मान वळवून, उजव्या डोळ्यानं, ट्यूबलाइटकडं टक लावून बघत होतं.

बाप थेंबांची बाटली घेऊन आला. "म्याडम, तुमी भाईर कामून?"

"आत दोघी बोलायल्यात," मी म्हटलं. "तिसऱ्याचं काम नाही."

दार उघडलं. सून बाहेर आली आणि तिनं माझ्याकडून बाळ घेतलं. मागोमाग सासू, हातात पुडी आणि चमचा. बाकड्याच्या कोपऱ्यावर बसून सुनेनं भिंतीकडं तोंड करून चमच्यात दूध काढलं, सासूनं त्यात पुडी कालवली. एकीनं बाळाची हनुवटी धरली, दुसरीनं चमचा. दोघींची डोकी एकमेकींना टेकली होती. बाळानं तोंड वाकडं केलं, पण गिळलं. त्यानंतर डबी कधी भरलेली परत आली नाही, आणि उजवा डोळा अजून शाबूत आहे.

मला मात्र त्या दिवसाचं हेच जास्त आठवतं की, बाळ आईकडं जाऊन बराच वेळ झाला होता, माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं, आणि मी हात तसेच छातीशी धरून उभी होते.